रसिकांचा हक्क आणि खपाचा आंकडा

कलाकृतीवर खरा हक्क कोणाचा, ती निर्माण करणाराचा, तिचा व्यापार करणाराचा, कीं तिच्यावर जीव जडविणाराचा, हा वाद नाटक-कादंबऱ्यांच्या संबंधानें आपल्याकडे पुष्कळदां झालेला आहे. व्हिडिओ गेमसारख्या पोरखेळ समजल्या जाणाऱ्या वस्तूविषयीं तोच प्रश्न निघावा याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या खेळापायीं लक्षावधि तरुण वर्षानुवर्षें रात्री जागवितात त्याला क्षुद्र म्हणून बाजूस सारणें विचारी माणसास शोभणार नाहीं; आणि हा प्रश्न तेथें जितक्या उघड्या स्वरूपांत दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

उदाहरण जपानांतलें आहे. ओसाका येथील कॅपकॉम कंपनीनें २००१ सालीं ‘डेव्हिल मे क्राय’ हा खेळ बाहेर काढला. त्याचा नायक दान्ते हा अर्धा मानव व अर्धा राक्षस; केस शुभ्र, अंगांत तांबडा लांब कोट, पाठीवर तलवार, जवळ दोन पिस्तुलें, आणि प्राणांवर बेतलें असतांही तोंडीं थट्टा. २००८ पर्यंत या मालिकेचे चार भाग निघाले. पुढें कंपनीनें कथा मुळापासून नव्यानें सांगावयाची असें ठरविलें व तें काम इंग्लंडांतील केंब्रिज येथल्या निन्जा थिअरी या मंडळीकडे सोंपविलें. २०१० च्या सप्टेंबरांत टोकिओच्या प्रदर्शनांत लोकांस नवा दान्ते दिसला, तो काळ्या आंखूड केसांचा, कृश, सिगारेट ओढणारा असा चिडखोर पोरगा होता. जुन्या चाहत्यांत क्षोभ उसळला. कांहींची मजल शिव्याशापांवरून जिवाच्या धमक्यांपर्यंत गेली. धमक्यांचें समर्थन कोणत्याही तत्त्वावर होणें नाहीं, म्हणून त्यांचा विचार येथेंच सोडतों.

खेळ २०१३ च्या जानेवारींत निघाला. परीक्षकांनीं बव्हंशीं स्तुति केली. खप मात्र बेताचा झाला. कंपनीनें प्रथम २० लाख प्रतींची अपेक्षा धरली होती, ती लवकरच १२ लाखांवर आणली, आणि चाहत्यांनीं हा आपल्या बाजूनें लागलेला निकाल मानला. पण आंकडा हा न्यायाधीश केव्हांपासून झाला? त्याच वर्षीं मार्चमध्यें ‘टूम रेडर’ या दुसऱ्या एका जुन्या मालिकेचा असाच पुनरारंभ झाला. तो महिना संपेपर्यंत त्याचा खप ३४ लाखांच्या घरांत गेला, तरीही स्क्वेअर एनिक्स या प्रकाशक कंपनीनें तो अपेक्षेहून कमी असल्याचें जाहीर केलें. बारा लाखही थोडे आणि चौतीस लाखही थोडे! अपेक्षेचा आंकडा झालेल्या खर्चावरून आणि भागीदारांस दिलेल्या आश्वासनांवरून ठरतो, हें यावरून उघड आहे. सावकाराचा हप्ता फिटला नाहीं एवढ्यावरून यंदाचा जोंधळा हिणकस होता, असें कोणी शेतकरी म्हणणार नाहीं. शिवाय न घेणारा मनुष्य कारण सांगत नाहीं. कोणी रागानें घेतला नसेल, कोणाच्या खिशांत पैसे नसतील, कोणास दान्ते हें नांवही ठाऊक नसेल. हिशेबाच्या वहींत तिघेही सारखेच.

मग चाहत्यांची तक्रार निराधार होती काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कलावंत स्वतंत्र आहे, त्यानें आपल्या बुद्धीस दिसेल तें करावें, हें तत्त्व आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु त्या स्वातंत्र्यानेंच नवें नांवही घेतां आलें असतें. तें घेतलें नाहीं, कारण जुन्या नांवावर लोकांचें प्रेम सांठलेलें होतें आणि कंपनीला तें भांडवल हवें होतें. दुसऱ्याच्या स्मृतीवर जो व्यापार उभारतो त्यानें ऋण घेतलेलें असतें. आणि येथें ऋणकोनें धनकोची टवाळी केली, हें विशेष. खेळाच्या आरंभींच एका झटापटींत पांढऱ्या केसांचा टोप दान्तेच्या डोक्यावर येऊन पडतो. तो आरशांत पाहतो आणि हें कदापि होणें नाहीं अशा अर्थाचें कांहीं बोलून तो फेंकून देतो. विनोद म्हणून प्रसंग वाईट नाहीं. पण ज्यांनीं दहा-बारा वर्षें त्या नांवास जगविलें त्यांच्या तोंडावर तो मारलेला होता, आणि हें त्यांस कळल्यावांचून राहिलें नाहीं.

तथापि ऋण कशाचें होतें, हें चाहत्यांसही नीट सांगतां आलें नाहीं. ते केसांविषयीं बोलत राहिले, आणि जग त्यांस हंसलें. केसांच्या रंगासाठीं कोणी इतका व्याकुळ होत नाहीं. चौदा-पंधराव्या वर्षीं, घरांत व शाळेंत सर्वत्र आपण हरतों आहों असें वाटत असतां, मृत्यूसमोर हंसणारा एक वीर ज्यास भेटला, त्याला तें हास्य हवें होतें. नव्या दान्तेच्या तोंडींही थट्टा होती, पण तिला वैतागाची धार होती. केस हें केवळ बोट दाखवितां येईल असें चिन्ह होतें.

येथें आपल्या इकडची एक गोष्ट आठवते. वाल्मीकीच्या उत्तरकांडांत सीता धरणींत प्रवेश करते. विदर्भांतील पद्मपुरच्या भवभूतीस तो शेवट सोसला नाहीं. त्यानें ‘उत्तररामचरित’ लिहून रामसीतेचें मीलन घडविलें. त्यासाठीं त्याला कोणाची परवानगी काढावी लागली नाहीं, आणि ज्यांस वाल्मीकीचाच शेवट प्रिय होता त्यांचा तो शेवट कोणी हिरावूनही घेतला नाहीं. रामकथा कोणाच्या मालकीची नव्हती म्हणून हें साधलें. दान्तेची गोष्ट निराळी आहे. त्याच्यावर प्रेम लाखोंचें, पण सनद एकाची. असंतुष्ट चाहत्यानें आपला दान्ते रचून बाजारांत मांडूं म्हटलें तर कायदा आडवा येतो. मग त्याच्या हातीं उरतें काय? विकत न घेणें. ज्या प्रेमाला दुसरी वाचाच ठेवलेली नाहीं तें आंकड्याच्या आडून बोलूं लागलें तर त्याला सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. आंकडा मुका असतो, हें त्याचें दुर्दैव.

२०१९ च्या मार्चमध्यें पांचवा भाग निघाला. शुभ्र केसांचा जुना दान्ते, आतां प्रौढ झालेला, परत आला. दोन आठवड्यांच्या सुमारास २० लाख प्रती गेल्या. जुन्या चाहत्यांचा आनंद आम्ही समजूं शकतों. पण मधल्या काळांत काळ्या केसांच्या पोराचेही चाहते निर्माण झाले होते. त्यांपैकीं पुष्कळांनीं दान्ते प्रथम पाहिला तो त्याच रूपांत, आणि त्याचा तो वैतागही त्यांस आपलाच वाटला. आपल्या दान्तेची कथा पुढें चालावी असें मागणारे आजही आहेत. त्यांची संख्या थोडी, म्हणून त्यांच्यासाठीं तो पुन्हां आलेला नाहीं.