घंटा कोणाची?

१७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या सैन्याच्या हाती आला आणि तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखात गेल्या. त्यांतील एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. नाशिककरांनी तर आपली घंटा भाषेतही मुरवून घेतली. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला तेथे ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात.

ह्या घंटा परत मागाव्यात काय, असा विषय आपल्या मंडळींत अधूनमधून निघतो. आम्हांस तो वाटतो तितका सरळ दिसत नाही. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. म्हणजे वसईत ती फार तर अठरा वर्षे वाजली. त्यानंतरची पावणेतीनशेहून अधिक वर्षे तिने परमुलखात काढली. युद्धातील लूट ही लूटच, काळ लोटला म्हणून ती दान ठरत नाही. तथापि ज्यांच्या सात-आठ पिढ्या तिच्या नादावर वाढल्या, त्यांना उपरे ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? वारसा स्थानिकांचा असे आपण म्हणतो, तेव्हा नाशिकचे लोकही स्थानिकच असतात.

स्वामित्वाचा वाद अशा रीतीने कोठेच पोहोचत नाही. म्हणून आम्हांस दुसरा, अधिक साधा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: एखाद्या वास्तूविषयी किंवा वस्तूविषयी निर्णय घेताना तिच्याभोवती जगणाऱ्यांना विचारले जाते काय?

ज्या किल्ल्यातून त्या घंटा गेल्या त्याचेच पाहू. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा २०१० साली दुरुस्त झाला. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई झाली, त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. शिवाय प्रत्येक स्मारकासाठी वारसाविषयक उपविधी करावयाचे, तेही तज्ज्ञ संस्थांशी विचारविनिमय करून. मसुदा तयार झाला की जनतेकडून हरकती मागविल्या जातात. भेद सूक्ष्म आहे, पण मोलाचा आहे. तज्ज्ञाला आरंभी विचारायचे आणि रहिवाशाने शेवटी हरकत घ्यायची! ज्याला केवळ हरकतीचा अधिकार मिळतो तो हळूहळू केवळ हरकतीच घेऊ लागतो, आणि मग ‘स्थानिकांचा विरोध’ अशी बातमी छापून येते.

तज्ज्ञांना आम्ही कमी लेखत नाही. भिंतीत शिरलेले पिंपळाचे मूळ कसे काढावे, जुन्या चुन्याला सिमेंट का मानवत नाही, हे भक्तिभावाने कळत नसते. आणि स्थानिक तेवढे सारे सज्जन असेही नाही. त्या पडक्या चर्चच्या भिंतींवर नावे खरडणारे हात काही लिस्बनहून आलेले नाहीत. शिवाय ‘स्थानिक’ म्हणजे कोण? किल्ल्यात चर्चचे अवशेष आहेत तशी देवळेही आहेत, चिमाजी अप्पांचे स्मारकही आहे. लगतच्या किनाऱ्यावर कोळी बांधवांची वस्ती आहे. ह्यांतला एकच समाज उठून सर्वांच्या वतीने बोलू लागला तर ती नारोशंकराची घंटाच व्हायची.

सरकारकडे बोट दाखविणे सोपे असते. आपल्या धर्मग्रामाचे काय? १९८३ च्या धर्मनियमसंग्रहानुसार (नियम १२९२) कलादृष्ट्या वा इतिहासदृष्ट्या मौल्यवान वस्तू विकून टाकण्यास खुद्द परमगुरुपीठाची अनुमती लागते. परंतु जुनी वेदी विकली जात नाही. ती ‘नवीन बांधकामा’त निघते. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे असे तोच संग्रह सांगतो, पण धर्मग्राम परिषदेचे मत केवळ सल्ल्यापुरते धरतो. सल्ला बंधनकारक नसेल, पण तो मागण्याची कोणी बंदी केलेली नाही. आम्हांस वाटते, रोमपर्यंत कागद पाठविण्यापूर्वीची ही पायरी आपल्या अंगणातच आहे.

लाकडी कोरीव वेदी जाऊन तेथे संगमरवर यायचा असतो. नकाशा वास्तुशिल्पज्ञाने केलेला असतो, देणगीदाराचे नाव ठरलेले असते, समितीच्या सह्या झालेल्या असतात. वाळवी कोणत्या खांबाला लागली आहे, कोणत्या कोनाड्यात पूर्वी कोणत्या संताची मूर्ती होती, हे ज्यांना तोंडपाठ असते त्या, दर शनिवारी वेदी पुसून फुले ठेवणाऱ्या बायकांना बैठकीचे बोलावणे गेलेले नसते.