पदक देऊन देणं फिटत नाही

शौर्यपदक आणि मोहिमेचं पदक यांत आपण सहज गल्लत करतो. शौर्यपदक असामान्य कृत्यासाठी असतं. मोहिमेचं पदक त्या मोहिमेत सेवा बजावणाऱ्या सगळ्यांसाठी. 'हा तिथे होता', एवढंच ते सांगतं. त्याच्या कडेवर हुद्दा, नाव, पलटण असते, जात नसते. ज्याची सावलीही गावाला चालत नव्हती, त्याच्या हजेरीची सरकारने धातूत नोंद करणं ही म्हणूनच मोठी गोष्ट होती.

पण ही नोंद किती उशिरा व्हावी? महार सैनिक जिथे लढले, ती कोरेगावची लढाई झाली १ जानेवारी १८१८ रोजी. तिच्या नावाची पट्टी असलेलं पदक मंजूर झालं १८५१ साली, तेही तोवर हयात असलेल्यांना. मधल्या ३३ वर्षांत जे गेले, त्यांच्या घरी काहीच पोचलं नाही.

पुढे तर हजेरीचा हक्कच गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढवय्या जातीं'चं खूळ निघालं आणि महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर सैनिक. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांनी १८९४ साली अर्ज लिहिला. भरती बंदच राहिली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडली गेली. गरज होती तोवर शिपाई, गरज सरली की अस्पृश्य.

मग त्या नोकरीतून हाती काय लागलं? याचं उत्तर परळला मिळतं. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर डबक चाळीतल्या एका खोलीत त्यांचा संसार होता. अभ्यासासाठी ते मुलाला, भीमरावांना, रात्री दोनला उठवत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लेकीचा दागिना गहाण पडे. पेन्शन आलं की सुटे. पलटणीतली शिस्त, पलटणीत मिळालेलं शिक्षण आणि पलटणीचं पेन्शन अशी सारी पुंजी त्यांनी मुलाच्या अभ्यासावर लावली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. त्याच वर्षी मुलगा कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

म्हणून माझं म्हणणं असं की पदकाने सैनिकाचा मान होतो, पण पदक देणाऱ्या सत्तेची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. त्याच्या मुलांना शाळा मिळाली का, पेन्शन वेळेवर आलं का, त्याच्या भाऊबंदांना भरतीची दारं उघडी राहिली का? महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली आणि आजही आहे. बंद झालेलं दार कायमचं उघडायला जवळजवळ अर्धं शतक गेलं. आजच्या सरकारने हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. सैनिकाने शब्द पाळलेला असतो. आपला शब्द पाळण्यात सरकारने त्याला हेलपाटे घालायला लावू नयेत.