बटण दाबण्याआधीचा फोटो

जपानमधील कॅमेरा-उत्पादकांची संघटना दरवर्षी किती डिजिटल कॅमेरे बाजारात गेले याचे आकडे जाहीर करते. २०१० साली हा आकडा १२ कोटींच्या वर होता. २०२३ साली तो ८० लाखांच्याही खाली आला. म्हणजे तेरा वर्षांत पंधरा गिऱ्हाइकांपैकी चौदा निघून गेली. ऑलिम्पसने कॅमेऱ्यांचा धंदा विकून टाकला. कॅनन आणि निकॉन यांचे आरशाचे, एसएलआर जातीचे अव्वल कॅमेरे २०२० मध्ये शेवटचे आले आणि मग दोघांनीही ती वाट सोडली. या पडझडीचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की फोनचा कॅमेरा चांगला झाला, म्हणून वेगळा कॅमेरा नकोसा झाला. ते अर्धेच खरे आहे. २००७ च्या पहिल्या आयफोनचा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा होता, त्याला फ्लॅश नव्हता आणि त्याचा फोकस बदलता येत नव्हता. त्या काळचा खिशात मावणारा साधा डिजिटल कॅमेराही त्याच्यापेक्षा कितीतरी सरस होता. तरी हरला तो साधा कॅमेराच. त्यातला फोटो बाहेर पडायला कार्ड, केबल, संगणक, मग ईमेल किंवा लॅब एवढा प्रवास लागे, आणि बहुतेक माणसे फोटो काढतात ते कुणाला तरी दाखवण्यासाठी. फोनमध्ये काढणे आणि दाखवणे यांतले अंतरच संपले. दर्जाची बरोबरी फोनने नंतर साधली, आणि ती ज्या रीतीने साधली तिकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

छायाचित्रणाचा जुना नियम साधा आहे: प्रकाश जितका जास्त, चित्र तितके स्वच्छ. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. काही महागड्या फोनांत ज्याला एक इंची म्हणतात तो सेन्सर असतो, त्याचे क्षेत्रफळ भरते सुमारे ११६ चौरस मिलिमीटर. बाकीच्या बहुतेक फोनांतले सेन्सर त्याहूनही लहान. एवढ्याशा जागेवर पडणाऱ्या प्रकाशात रात्रीचा स्वच्छ फोटो निघायलाच नको. ही अडचण अभियंत्यांनी गणिताने सोडवली. कॅमेऱ्याचे ॲप उघडले की सेन्सर सतत चौकटी टिपू लागतो, तात्पुरत्या साठवतो, जुन्या पुसून नव्या घेतो. आपण बटण दाबतो तेव्हा त्यांतल्या काही चौकटी, पुष्कळदा बटण दाबण्याआधीच्याच, निवडल्या जातात. हात हलल्यामुळे झालेला सरक दुरुस्त करून त्या एकमेकींवर बसवल्या जातात आणि त्यांची सरासरी काढली जाते. नऊ चौकटींची सरासरी घेतली तर चित्रातला कणीदारपणा एकतृतीयांश उरतो. त्यानंतर आकाश वेगळे ओळखून त्याची चमक कमी होते, चेहरा ओळखून तो उजळतो, सावल्या उघडल्या जातात. हे सगळे अर्ध्या-एका सेकंदात घडते. मानवी बुद्धीचा हा मोठा पराक्रम आहे आणि त्याला हातचलाखी म्हणून उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण या अर्ध्या सेकंदात जे निर्णय होतात ते कोण घेते? जुन्या कॅमेऱ्यात छिद्र किती उघडायचे, शटर किती वेळ उघडे ठेवायचे, फोकस कुठे धरायचा हे ठरवणारा माणूस कॅमेऱ्यामागे उभा असे. सावलीतला चेहरा काळा राहिला तर तो त्याने तसा ठेवलेला असे, किंवा त्याच्याकडून तसा राहिलेला असे. दोन्हींचा जाब त्याला विचारता येई. फोनमध्ये हे निर्णय कंपनीच्या अभियंत्यांनी आधीच, सर्वांसाठी एकदम, घेऊन ठेवले आहेत. २०२३ मध्ये गूगलच्या फोनवर समूहछायाचित्रातल्या प्रत्येकाचा उत्तम चेहरा वेगवेगळ्या चौकटींतून उचलून एकत्र बसवण्याची सोय आली. त्या फोटोतले सगळे हसतात, सगळ्यांचे डोळे उघडे असतात, आणि तसा क्षण घडलेलाच नसतो. त्याच वर्षी एका वापरकर्त्याने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला, तर धूसर चित्रात नसलेले तपशील फोटोत उमटले. चंद्र ओळखून त्याचे तपशील ठळक करणारी यंत्रणा फोनमध्ये असल्याचे कंपनीने मग स्पष्ट केले. कोजागिरीला गच्चीवरून चंद्राचा फोटो काढणाऱ्याला यात फसवणूक वाटणार नाही. त्याला सुंदर चंद्र हवा होता, तो मिळाला. तो त्या रात्रीचा मात्र पुरता नव्हे.

यावर जाणकार लगेच म्हणतील की छायाचित्र कधी निरागस होते? आक्षेप रास्त आहे. डार्करूममध्ये आकाश गडद करणे, चेहरा उजळणे हे छायाचित्रकार पिढ्यान्‌पिढ्या करत आले. आपल्याकडच्या स्टुडिओंत तर कृष्णधवल फोटोवर हाताने रंग भरून शालूची जर आणि गालांची लाली रंगवली जाई. फिल्मही निष्पक्ष नव्हती: अमेरिकेत कोडॅकची रंगसंगती ज्या नमुनापत्रांवरून जुळवली जाई, त्यांवर अनेक दशके गोऱ्या स्त्रियांचेच चेहरे असत, आणि सावळ्या-काळ्या त्वचेचे हाल होत. म्हणजे कारखान्यात घेतलेला निर्णय सर्वांच्या चेहऱ्यावर लादला जाणे ही काही फोनची देणगी नव्हे. आजच्या सेल्फीतले ‘ब्युटी’ मोड आपल्याला गोरे करते तेव्हा ते जुनीच चूक नव्या वेगाने करते. इतकेच काय, ज्याला आपण शुद्ध डिजिटल कॅमेरा म्हणतो त्यातही प्रत्येक पिक्सेल तीन रंगांपैकी एकच मोजतो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी १९७० च्या दशकात शोधलेली ही जाळी आज जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात आहे.

तेव्हा संगणन आहे की नाही, यावर रेघ ओढता येत नाही. रेघ आहे ती दुसरीकडे. बायरच्या जाळीतला अंदाज त्याच दृश्याच्या प्रकाशातून काढलेला असतो. नऊ चौकटींची सरासरीही त्याच दृश्याची असते. चंद्राच्या बाबतीत यंत्र इतर असंख्य चित्रांवरून शिकलेले काहीतरी या चित्रात भरते. आणि डार्करूममध्ये जे केले ते करणाऱ्या माणसाला ठाऊक असे, निगेटिव्ह मागे शिल्लक असे. फोनवाल्याला काय केले गेले हे कळत नाही, आणि मूळ चौकटी तर सहसा पुसल्याच गेलेल्या असतात. या दोन गोष्टी, दृश्याबाहेरून आलेला तपशील आणि हरवलेली निगेटिव्ह, मला खऱ्या चिंतेच्या वाटतात.

जाणकारांच्या आक्षेपाहून वजनदार आक्षेप महाराष्ट्राच्या शेतांतून येतो. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः आपल्या फोनने उभ्या पिकाचा फोटो काढून पाठवतो, आणि त्याला जोडलेल्या अक्षांश-रेखांशांसह पिकाची नोंद सातबाऱ्यापर्यंत पोचते. कुठलाही महागडा कॅमेरा हे काम असे करू शकत नाही. म्हणजे साक्ष देण्याच्या कामातही फोनने कॅमेऱ्याला मागे टाकले की काय? मला वाटते, हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या फोटोवर सरकार विश्वास ठेवते ते त्याच्या सौंदर्यामुळे किंवा भिंगामुळे नाही. तो कुणी, कुठे, केव्हा काढला हे त्याला बांधलेले असते आणि चुकीचे निघाले तर एक नाव असलेला माणूस उत्तर द्यायला असतो, म्हणून तो विश्वास आहे. फोटोची विश्वासार्हता उपकरणात नसते, त्याच्यामागच्या जबाबदारीत असते.

म्हणून पारंपरिक कॅमेरा दर्जाच्या जोरावर तग धरेल असे मला वाटत नाही. जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची आणि फिल्मची तरुणांत आलेली लाट आनंदाची आहे, पण तिच्यावर उद्योग उभा राहत नाही. वन्यजीव छायाचित्रणात लांब भिंगाला अजून पर्याय नाही. ताडोबात तर सफारीला मोबाइल नेता येत नाही, कॅमेरा नेता येतो. लग्नसमारंभात व्यावसायिक कॅमेरा काही वर्षे राहील. हे सगळे छोटे छोटे किल्ले आहेत. कॅमेऱ्याला खरी जागा आहे ती वृत्तपत्रांत, न्यायालयात, संशोधनात, जिथे चित्रातल्या प्रत्येक निर्णयाचा धनी माहीत असणे गरजेचे आहे. लायकाने २०२३ मध्ये एम११-पी या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला जन्मतःच डिजिटल सही जोडण्याची सोय दिली. फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढला आणि पुढे त्यात काय बदल झाले हे तिच्यावरून तपासता येते. माझ्या मते कॅमेरा-उद्योगाने मेगापिक्सेलची शर्यत सोडून याच्यामागे लागायला हवे होते, तेही दहा वर्षे आधी.

आपला कायदाही इथे अर्ध्यावर थांबला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिचा गणिती ठसा, नोंदवावी लागते. फाइल तयार झाल्यानंतर कुणी तिच्यात ढवळाढवळ केली नाही, एवढे त्यातून पडताळता येते. फाइल तयार होत असताना, त्या अर्ध्या सेकंदात, फोनने स्वतः काय केले हे ती हॅश सांगू शकत नाही. अपघाताच्या रात्रीच्या फोटोत रस्त्यावरचा दिवा खरोखर किती उजेड देत होता, हा प्रश्न एखाद्या खटल्यात निर्णायक ठरू शकतो, आणि अंधार उजळणे हेच तर फोनला शिकवलेले आहे. त्यामुळे किमान तीन गोष्टींचा आग्रह धरायला हवा: पुराव्यासाठी काढलेल्या फोटोची अप्रक्रियित चौकट फोनने जपून ठेवावी, कोणकोणत्या प्रक्रिया झाल्या याची यादी फाइलमध्येच लिहिली जावी, आणि दृश्याबाहेरून तपशील भरणारी प्रत्येक सोय मुळात बंद असावी, हवी त्याने ती चालू करावी. यातले काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अनेक फोनांत कच्ची चौकट साठवण्याची सोय आजही असते. ती सेटिंगच्या तळाशी, बहुतेकांना न सापडणाऱ्या जागी पडून आहे.