‘शुल्ड’ : ऋण कीं अपराध?

जर्मन भाषेंत ‘शुल्ड’ म्हणजे कर्ज, आणि ‘शुल्ड’ म्हणजेच अपराध. डच व स्वीडिश या भगिनीभाषांतहि हा शब्द थोड्या उच्चारभेदानें आढळतो व दोन्ही अर्थ वाहतो. इंग्रजीनें हें नाम टाकून दिलें. मात्र ज्या धातूपासून तें निघालें त्याचे ‘शॅल’ आणि ‘शुड’ हे अवशेष तींत नित्य वापरांत आहेत. या धातूचा जुना अर्थ ‘देणें असणें’. तेव्हां ‘शुड’ म्हणून विद्यार्थ्यांना कर्तव्य सांगणारे आम्ही शिक्षक नकळत सावकाराचीच भाषा बोलत असतों!

नीत्शे हा मूळचा भाषाशास्त्राचा अध्यापक. १८८७ सालीं नीतिकल्पनांच्या वंशावळीवर लिहिलेल्या ग्रंथांत त्यानें या द्व्यर्थाचा आधार घेऊन असें प्रतिपादिलें कीं, अपराधाची भावना धनको-ऋणकोंच्या व्यवहारांतून उपजली. सिद्धांत चटकदार खरा. पण शब्दाचें कुळ सांगितलें म्हणजे भावनेचें कुळ सांगितलें असें होत नाहीं. वैदिक भाषेंतहि ‘ऋण’ शब्दाला अपराधाची छटा आहे. वरुणाच्या प्रार्थनेंत ती दिसते. तरीहि देव, ऋषि व पितर यांचें जें ऋण आपण मानतों तें जन्मानेंच प्राप्त होतें, आणि त्यांत दोष कोणाचाच नसतो. ऋणी मनुष्य अपराधी असतोच असें नाहीं.

खरा पेंच उलट बाजूचा आहे : अपराध हा कर्जासारखा फेडतां येतो काय? साठ लाख ज्यूंच्या संहारानंतर जर्मनीपुढें हा प्रश्न अक्षरशः येऊन उभा राहिला. कार्ल यास्पर्स यानें १९४६ सालीं एका पुस्तकांत ‘शुल्ड’चे चार प्रकार पाडले (कायद्याचा, राजकीय, नैतिक व आध्यात्मिक) आणि प्रत्येकाचा न्यायाधीश निराळा असल्याचें दाखविलें. १९५२ सालीं पश्चिम जर्मनीनें इस्रायलला ३०० कोटी मार्क देण्याचा करार केला. त्या वर्षाच्या आरंभींच या वाटाघाटींविरुद्ध जेरुसलेममध्यें मोठा दंगा झाला होता. रक्ताचें मोल घेणें म्हणजे खुन्याला पापमुक्त करणें, असें विरोधकांचें म्हणणें.

तो विरोध मला सर्वस्वी मान्य नाहीं. निराश्रितांना घरें हवीं होतीं, आणि लुटलेलें परत मागण्यांत लाज कसली? परंतु त्यामागची भीति खोटी नव्हती. कर्ज फिटलें कीं सावकार फारखत लिहून देतो, आणि मग त्याला पुन्हां दार ठोठावतां येत नाहीं. येथें फारखत लिहून देणाराच मारला गेला आहे. त्याच्या वारसानें पैसे मोजून घेतले, तरी ती सही त्याची होत नाहीं.