वृद्धव्यवहार आणि हातांची भाषा

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने २०२१ साली माध्यमिक स्तरावर भारतीय सांकेतिक भाषेला भाषाविषयाचा दर्जा दिला, तेव्हा वरकरणी विषयांच्या यादीत एका नावाची भर पडली. परंतु जी भाषा तोंडाने उच्चारली जात नाही आणि जिला रूढ लिपीही नाही, ती मराठी, संस्कृत किंवा उर्दू यांच्या पंक्तीला बसू शकते काय, हा त्यामागचा प्रश्न अभ्यासक्रमापुरता नाही. तो प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञान कोणत्या साधनाने मिळते व ते विश्वसनीय कशामुळे ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा आहे, आणि भारतीय दर्शनांनी तो फार पूर्वी हाताळलेला आहे.

पतंजलीने महाभाष्यात, शब्द न वापरताही डोळ्यांच्या व हातांच्या हालचालींनी पुष्कळ अर्थ कळतात, असे नोंदवून ठेवले आहे. वैशेषिक आचार्य प्रशस्तपाद याने अशा हालचालींना, ज्यांना शास्त्रात ‘चेष्टा’ म्हणतात, अनुमानात जमा केले: ज्याला अभिनयाचा संकेत आधीच ठाऊक आहे तो हालचाल पाहून अभिप्राय ताडतो. वैशेषिकांच्या मते शब्दापासून होणारे ज्ञानही अनुमानच असल्यामुळे त्यांच्या व्यवस्थेत हात आणि जीभ एकाच पायरीवर उभे राहतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नैयायिकांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले, पण चेष्टेला तो मान दिला नाही. सतराव्या शतकातील अन्नंभट्ट तर्कसंग्रहदीपिकेत म्हणतो की चेष्टेने व्यवहार घडतो तो शब्दाच्या अनुमानाद्वारे, म्हणून ते वेगळे प्रमाण नव्हे. हात हलतो, पाहणाऱ्याच्या मनात शब्द उभा राहतो आणि अर्थ त्या शब्दाचा असतो, असा त्याचा आशय.

या मतात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की खुणावणाऱ्याला व पाहणाऱ्याला बोलीभाषा आधीपासून येत असते. मौनव्रत धरलेल्या माणसाच्या बाबतीत ते खरेच आहे. मात्र ज्याने जन्मापासून एकही ध्वनी ऐकलेला नाही आणि जो तशाच दुसऱ्या माणसाशी तासन्‌तास वाद घालतो, त्याच्या हाताआड कोणता शब्द उभा असतो? विल्यम स्टोकी याने १९६० साली अमेरिकन सांकेतिक भाषेचे विश्लेषण करून दाखवले की खूण ही अखंड चित्र नसून हाताचा आकार, त्याचे स्थान आणि त्याची हालचाल अशा घटकांची बनलेली असते, आणि बोलीभाषेतील वर्णांप्रमाणे यांतील एक घटक बदलला की अर्थ बदलतो. भारतीय सांकेतिक भाषेत पुरुषासाठी मिशीची आणि स्त्रीसाठी नाकपुडीच्या बाजूला बोट टेकवण्याची खूण आहे, आणि तिच्यापुढे भावंडाची खूण जोडली की अनुक्रमे भाऊ व बहीण होतात. प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते. होय-नाही एवढ्याच उत्तराचा प्रश्न असेल तर भुवया उंचावून तो विचारला जातो. आणि ‘देणे’ ही खूण देणाऱ्याच्या जागेकडून घेणाऱ्याच्या जागेकडे सरकते, त्यामुळे कर्ता आणि ज्याला दिले तो, हे दोघेही क्रियापदातच कळतात. ही रचना मराठीची नाही आणि हिंदीचीही नाही. (नाट्यशास्त्रातील २४ असंयुत व १३ संयुत हस्त दाखवून या भाषेला प्राचीन वंशावळ जोडण्याचा मोह अनेकांना होतो, पण नृत्यातील हस्त बहुधा गीताच्या सोबतीने अर्थ दाखवतात, त्यांच्यावर कोणी दुधाचा हिशेब करत नाही.)

तेव्हा अन्नंभट्टाचे उत्तर येथे लागू पडत नाही. परंतु न्यायपरंपरेतच याहून उपयोगी असा एक विचार आहे. पदाचा अर्थाशी असलेला संबंध मूल कसे जाणते, याचे तिने दिलेले प्रमुख उत्तर ‘वृद्धव्यवहार’ हे होय: एक जाणता माणूस दुसऱ्याला गाय आणायला सांगतो, दुसरा ती आणतो, आणि बाजूला बसलेले मूल ते ऐकून-पाहून कोणत्या पदाचा कोणता अर्थ हे हळूहळू उकलते. मुलाला कोणी शिकवत नाही. त्याच्यासमोर भाषा वापरली जाते एवढेच. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे त्यांच्या घरात वृद्ध असतात, व्यवहारही असतो, पण त्यातला निम्मा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यांचे उणेपण कानात जितके आहे तितकेच, किंबहुना अधिक, त्यांच्याभोवती डोळ्यांना दिसणारी भाषा कोणी वापरत नाही यात आहे.

१८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने, जिचे जवळजवळ सर्व प्रतिनिधी ऐकू येणारे होते, बहिऱ्या मुलांना वाचेनेच शिकवावे असे ठरवले आणि अनेक देशांतील शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. ओठ वाचणे आणि उच्चार घोटणे यांत मुलांची उमेदीची वर्षे गेली. भारतातही या धोरणाची छाया दीर्घकाळ राहिली. १९९५च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने कर्णबधिर विद्यार्थ्यांना एकच भाषा घेता यावी अशी अभ्यासक्रमाची फेररचना सुचवली. ती सवलत सद्हेतूने दिलेली होती यात शंका नाही, तरी मुलाला जी एक पूर्ण भाषा अवगत होऊ शकते तिची गणना भाषेत न करता त्याला भाषेतून सूट द्यायची, हा विचित्र न्याय होता.

कर्णबधिर मुलाला उणीव भासते ती भोवतालच्या व्यवहाराची, म्हणून शाळेतील सांकेतिक भाषेचा विकल्प खरा अर्थपूर्ण होतो तो ऐकू येणारी मुलेही तो घेतात तेव्हा. याला दया म्हणणे चूक आहे, कारण दयेत देणारा पूर्ण आणि घेणारा अपुरा असे धरलेले असते, आणि येथे तर वर्गमित्र ही भाषा शिकून वर्गातल्या कर्णबधिर मुलासाठी वृद्धव्यवहार उभा करतात व स्वतः त्यातले नवशिके राहतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने देशभर या भाषेचे प्रमाणीकरण करण्याचे आणि शक्य तेथे स्थानिक सांकेतिक भाषाही शिकवण्याचे म्हटले आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश २०२१पर्यंत १०,००० नोंदींपर्यंत गेला. तथापि धोरणात साहित्य योजलेले आहे ते प्रामुख्याने कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी, आणि कोश कितीही वाढला तरी कोशातून व्यवहार होत नाही. ऐकू येणारा शिक्षक ऐकू येणाऱ्या मुलांना कोशातल्या खुणा मराठी वाक्याच्या क्रमाने शिकवू लागला, तर अन्नंभट्टाचे म्हणणे खरे करून दाखवल्यासारखे होईल: हात हलतील आणि अर्थ मराठी शब्दांचाच राहील.

मग ही भाषा शिकवावी कोणी? येथे न्यायातील ‘आप्त’ ही कल्पना उपयोगी पडते. आप्त म्हणजे ज्याचे सांगणे प्रमाण मानावे असा माणूस. वात्स्यायनाने न्यायभाष्यात त्याचे लक्षण सांगताना, ते ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू पडते, असे स्पष्ट केले आहे. विषयाचे साक्षात ज्ञान आणि ते जसेच्या तसे सांगण्याची इच्छा एवढे पुरे. सांकेतिक भाषेच्या वर्गात हे लक्षण सर्वांत आधी लागू होते ते तीच भाषा जगलेल्या कर्णबधिर व्यक्तीला, जिला मनुस्मृतीने वारसाहक्कातूनही वगळले होते. अशी व्यक्ती फळ्यासमोर उभी करता येत नसेल तर शाळेने हा विषय सुरू करण्याची घाई करू नये, आणि येत असेल तर तिला सहायक न म्हणता भाषाशिक्षक म्हणूनच नेमावे व उत्तरपत्रिकाही तिच्याकडेच तपासायला द्याव्यात.