केलेले जाणणारा

ब्रिटिशांच्या पगारावर लढलेल्या मराठा वा महार शिपायाविषयी त्याच्या मुलानातवंडांनी कृतज्ञता बाळगावी का, हा वाद ‘भाडोत्री’ हा एक शब्द उच्चारून मिटवता येतो, अशी आपल्याकडील काही विद्वानांची समजूत आहे. ती तपासण्यासाठी डेट्रॉईटच्या वायव्येचे नोव्हाय हे उपनगर सोयीचे आहे. कारण तेथील मराठी घरांतली मुले दरवर्षी ११ नोव्हेंबरला, म्हणजे १९५४ पर्यंत ‘युद्धविराम दिन’ म्हणवल्या जाणाऱ्या ‘व्हेटरन्स डे’ला, इतरांच्या आजोबांचे आभार मानायला शिकतात, पण हा दिन ज्याच्या समाप्तीचा, त्या पहिल्या महायुद्धात एखाद्याचा खापरपणजोबा मेसोपोटेमियात होता असे निघाले, तर त्याचे काय करायचे हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. अर्थात ज्या देशाने हा आभाराचा शिरस्ता घातला, त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ मध्ये ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले होते. तेव्हा आभार आणि हक्क यांचे खाते एकच असते असे कोणी समजू नये.

‘भाडोत्री’वाल्यांच्या आक्षेपाहून कितीतरी कसदार आक्षेप अमेरिकन तत्त्वज्ञ जेन इंग्लिश यांचा आहे. प्रौढ मुले आईबापांचे काय देणे लागतात, या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी असे मांडले की देणे निर्माण होते ते मागून घेतलेल्या उपकारातून; न मागता केलेल्या त्यागातून मैत्री उपजू शकते, कर्ज नव्हे, आणि म्हणून मुलांचे कर्तव्य टिकते ते प्रेमाचा संबंध टिकेल तोवरच. सैनिक बापाला हा युक्तिवाद दुप्पट लागू पडतो, कारण मुलाने त्याग मागितलेला नसतोच, शिवाय बाप पलटणीत भरती होतो तेव्हा पुष्कळदा मूल जन्मलेलेही नसते. तो जातो दुष्काळामुळे, पगारासाठी, भावकीतले चौघे गेले म्हणून. इथपर्यंत इंग्लिश यांचे म्हणणे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. अडचण पुढे येते. मैत्रीला दोन जिवंत माणसे आणि थोडा सहवास लागतो, आणि जो शिपाई बाविसाव्या वर्षी मरतो तो अपत्याशी मैत्री जोडणार कधी? या हिशेबाने रणात पडलेल्या बापाविषयी मुलाला काहीच वाटण्याचे कारण उरत नाही, आणि हा निष्कर्ष तर्काला कितीही धरून असला तरी कुठेतरी चुकलेला आहे.

चूक ‘देणे’ या शब्दात आहे, आणि ती आपल्याही परंपरेत मुरलेली आहे. तैत्तिरीय संहितेत जन्मतःच डोक्यावर येणारी तीन ऋणे सांगितली आहेत (तीही ब्राह्मणाच्या, शिपायाच्या पोराला त्या यादीत जागा नाही), पण त्यातले पितृऋण फिटते ते प्रजेने, म्हणजे बापाला काही परत करून नव्हे, तर वंश पुढे नेऊन. ‘कृतज्ञ’ हा शब्द मात्र फेडीविषयी अक्षरही बोलत नाही. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेले जाणणे, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि तो पाळायला फेडण्यापेक्षा अवघड आहे.

हा अर्थ घेतला की ‘भाडोत्री’ म्हणणाऱ्याचेही अर्धे म्हणणे स्वीकारावे लागते. पगार हे कारण होतेच, आणि ते लपवून खापरपणजोबाला हुतात्मा करणारा वंशजही न जाणणाराच ठरतो. जाणण्याचा खरा नमुना डॉ. आंबेडकरांचा आहे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार आणि सैनिकी शाळेत शिक्षक होते. त्या नोकरीने घरात विद्या आणली हे मुलाने पुरते ओळखले होते, आणि त्याच सैन्याने १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारून १९२१ मध्ये मोडली, हेही तो विसरला नाही. पहिल्याने दुसरे पुसले गेले नाही.

साम्राज्याने मात्र जाणायचेच टाळले. मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. पण तेथील मृतांसाठी उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा आला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये कबूल केले की आशिया-आफ्रिकेतील किमान १,१६,००० मृतांची, कदाचित ३,५०,००० जणांचीही, नावानिशी वा अजिबातच नोंद झालेली नाही. याउलट इटलीतील मोंतोने या गावाने १० जुलै १९४४ रोजी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाने २०२३ मध्ये सूर्यघड्याळ उभारले. त्या गावाचे घाडग्यांशी ना रक्ताचे नाते, ना पगाराचे.

नोव्हायच्या मुलाला केलेले जाणण्यासाठी बसऱ्याला जावे लागणार नाही. गावाकडच्या ट्रंकेत पेन्शनचे कागद असतात, त्यावर पलटण असते, नंबर असतो, भरतीची तारीख असते. ती तारीख गावाच्या दुष्काळाशी ताडून पाहायची, आणि मग जे निघेल ते, अभिमानाचे असो वा नसो, मराठीतच लिहून ठेवायचे.