रंग हा रोग नव्हे

पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा लागतो. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. पण तेथील पुष्कळ घरांत आजही मराठीच बोलली जाते. तिकडील एका लहानशा मंडळीत काही वर्षांपूर्वी आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. नाताळच्या नाटिकेची तालीम चालली होती. मरीयेच्या कामासाठी एका गोऱ्या मुलीची निवड झाली. जिचे पाठांतर सर्वांत चांगले होते, ती काळीसावळी मुलगी उतारशाळेच्या मालकाची बायको झाली. कोणी तिला वावगा शब्द बोलले नाही. शिक्षिकाबाई प्रेमळ होत्या. "दिव्याच्या उजेडात ही बरी दिसेल," एवढेच त्या पहिल्या मुलीबद्दल म्हणाल्या. आम्हीही मान डोलावली.

पाच वर्षांनी पुन्हा जाणे झाले, तेव्हा तीच सावळी मुलगी ओढणीत तोंड झाकून मागच्या बाकावर बसली होती. लग्नाची बोलणी सुरू होणार म्हणून घरच्यांनी औषधाच्या दुकानातून मलमाची नळी आणली होती. पहिला महिना चेहरा उजळला. नंतर मुरुम, आग, तांबूस-काळे चट्टे. तिच्या आईला आम्ही काही बोलणार, तोच ती म्हणाली, "पाहुणे चहाचा कप खाली ठेवायच्या आत पोरीचा रंग विचारतात. मग आम्ही काय करावं, तुम्हीच सांगा."

हा प्रश्न आम्ही घेऊन आलो, आणि तोच वाचकांपुढे ठेवीत आहोत. अशा मातेला व मुलीला 'देहाच्या सौंदर्याच्या मागे लागू नका' असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु तो न्याय आहे काय?

प्रथम त्या नळीत काय असते ते पाहू. बहुधा बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांसारखे एखादे स्टेरॉइड असते, आणि पुष्कळदा त्याला हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन यांची जोड असते. ही औषधे मुळात वाईट नव्हेत. इसब किंवा सोरायसिस यांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस वापरली तर स्टेरॉइडची मलमे उपकारक ठरतात. पण रंग उजळावा म्हणून ती महिनोन्महिने चेहऱ्याला लावली, तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरुम उठतात, लव वाढते. मलम सोडले की चेहऱ्याची आग होते, म्हणून माणूस पुन्हा त्याच नळीकडे वळतो. दारूचे व्यसन आपण ओळखतो. हे व्यसन आरशापुढे बसून लागते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी चिठ्ठी न दाखवता नळी हाती पडते, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. काही मलमांत तर पारा असतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना गोरेपणाच्या मलमाने मूत्रपिंडाचा विकार जडला, आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील तपासणीत त्या मलमात पारा आढळला, असे २०२३ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले.

मग सावळ्या माणसाने आपल्या त्वचेकडे लक्षच देऊ नये काय? तसे मुळीच नाही. सावळ्या त्वचेला तिच्या स्वतःच्या व्यथा आहेत. तिच्यावर मुरुम, भाजणे, खरचटणे यांचे डाग अधिक काळे उमटतात व अधिक काळ राहतात. व्रण जाड होऊन वाढण्याचा संभवही तिच्यात जास्त. कोड सावळ्या अंगावर अधिक उठून दिसते व मनाला अधिक जाळते. या व्यथांवर उपाय मागणे म्हणजे गर्व नव्हे. दुर्दैव असे की विज्ञानाचे पुष्कळसे मोजमाप गोऱ्या कातडीवरून सुरू झाले. अमेरिकेतील डॉक्टर फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे जे प्रकार पाडले, ते आरंभी गोरी त्वचा उन्हात किती भाजते यावरून पाडले. तपकिरी व काळ्या त्वचेचे वर्ग मागाहून जोडले गेले. लेझरने केस काढताना प्रकाश केसातील काळे रंगद्रव्य शोधतो. सावळ्या कातडीत ते द्रव्य कातडीतच भरपूर असल्याने, चुकीच्या यंत्राने कातडीच भाजते. अशा त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर लहरीचे यंत्र अधिक सुरक्षित मानतात, व आधी लहानशा जागी चाचणी घेतात. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, बोटाला लावण्याच्या प्राणवायूमापकाने कृष्णवर्णीय रुग्णांतील प्राणवायूची घट गोऱ्यांच्या मानाने जवळजवळ तिप्पट वेळा चुकवली. तेव्हा आपली त्वचा जाणणारा डॉक्टर मागणे हा सावळ्या माणसाचा हक्क आहे. आदिलाबादला २००८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथील त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जाण्यात लाज कसली?

म्हणजे येथे दोन गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यानेच अनर्थ होतो. सावळ्या त्वचेला झालेला रोग बरा करणे ही एक; सावळेपणालाच रोग समजणे ही दुसरी. पहिली सेवा आहे, दुसरी खोटी साक्ष आहे. रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या व काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. त्या पेशी किती रंगद्रव्य करतात व ते कसे पसरते, एवढाच भेद. आणि ते रंगद्रव्य उन्हाच्या माऱ्यापासून रक्षण करते. आदिलाबादच्या कापसाच्या शेतात दिवसभर वेचणी करणाऱ्या बाईला ते निर्मात्याने दिलेले छत्र आहे.

गीतरत्नाच्या पहिल्याच अध्यायात वधू आपले काळेपण व आपले सौंदर्य एकाच दमात सांगते, आणि भावांनी द्राक्षमळ्यांच्या राखणीस लावल्यामुळे उन्हाने आपण करपलो, असेही म्हणते. तो कष्टाचा रंग आहे. गणनाच्या बाराव्या अध्यायात मिर्याम मोशेच्या कूशी बायकोवरून कुरकुर करते. तक्रार रंगाचीच होती असे शास्त्र म्हणत नाही. पण शेवटी बर्फासारखी पांढरी झाली ती मिर्यामच, आणि तो पांढरेपणा आशीर्वाद नव्हता. मोशेने तिच्यासाठी आरोग्य मागितले. कूशी स्त्रीला बरे करण्याची गरज कोणालाही भासली नाही.

आता त्या मातेचा प्रश्न. तिचे चुकले असे आम्हांला म्हणवले नाही. नकाराचे भय जिच्या वाट्याला आहे, तिलाच 'तू धीर धर' म्हणणे हे ओझे दुबळ्याच्या डोक्यावर ठेवणे होय. आरंभ त्यांच्याकडून झाला पाहिजे, ज्यांना नकार देता येतो: मुलाच्या आईबापांकडून, मध्यस्थांकडून, पाळकांकडून. आपल्या ख्रिस्ती घरांतही 'मुलगी रंगाने कशी आहे?' हे विचारले जाते. आम्हीही विचारले आहे. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातून 'फेअर' हा शब्द काढला. दुकानदाराला नाव बदलावेसे वाटले, तर आपणांला प्रश्न बदलता येऊ नये काय?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांचे काम याहून आधी सुरू होते. भिंतीवरच्या चित्रांत सोनेरी केसांचा येशू व गोरे देवदूतच पाहून मूल काय शिकते, याचा विचार करावा. मूळचे गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून मरीयेला साडी नेसवली व आपल्या मातीचा वर्ण दिला. तशी चित्रे वर्गात लावता येतील.

ती मुलगी आता डॉक्टरांकडे जाते. मलम हळूहळू सोडवले जात आहे. चेहऱ्याला वेळ लागेल, असे तिला सांगितले आहे. पाच वर्षांपूर्वीच्या त्या तालमीत आम्ही मान डोलावली नसती, तर कदाचित ती नळी घरात आली नसती, कदाचित आलीही असती. यंदा पुन्हा नाताळची तालीम होईल. ज्या मुलीचे पाठांतर चांगले, तिला मरीया करा, एवढे तरी आम्ही या खेपेस मोठ्याने म्हणणार आहोत.